जिल्हा खाली बसला

लातूर जिल्हा नवा झाला त्याच आठवड्यात चाँदपाशा मुतवल्लींनी हाळीच्या बाजारातून एक गाढव आणलं, आणि मोरतळवाडीनं त्याचं नाव जिल्हा ठेवलं. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. दोन्ही एकदमच आले, आणि दोन्हींकडून गावाला आशा होती, एवढंच. पुढच्या दोन-तीन वर्षांत गाढव जास्त कामाचं निघालं, त्याला गावाचा इलाज नव्हता.

जिल्हा नवा, पण दुष्काळ जुनाच. उस्मानाबादेत असताना जो होता तोच कपाटं, खुर्च्या आणि शिपायांबरोबर लातूरला वर्ग झाला. मोरतळवाडी पार शिवेवर. गावाखाली मन्याड नदी, नदीपलीकडं नांदेड जिल्हा. नदीत वाळू होती, दगड होते, एक मोडका टायर होता, पाणी नव्हतं. फक्त पलीकडच्या काठाला, दोन कोस वर गेलं की वाळूत खणलेला एक झिरा होता. त्यात घोटाभर पाणी झिरपायचं. म्हणजे गाव लातुरात आणि पाणी नांदेडात. त्यामुळं जिल्हा रोज जिल्ह्याबाहेर जायचा, पाठीवर चार डबे पाणी घेऊन परत जिल्ह्यात यायचा, आणि ते पाणी मशिदीच्या हौदात पडायचं.

हे पाणी कुणी पीत नव्हतं. प्यायला टँकर होता. तो यायचा तेव्हा यायचा. कधी नांदेडवाले म्हणायचे हे गाव तुमचं, कधी लातूरवाले म्हणायचे हा रस्ता त्यांचा, आणि टँकर दोघांचं भांडण मिटेपर्यंत एखाद्या लिंबाखाली झोपायचा. हौदाचं पाणी फक्त वुजूचं, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं. ते कमी पडू द्यायचं नाही असा चाँदपाशांचा कायदा होता.

"हा हौद आजपावेतो कोरडा पडला न्हाई," चाँदपाशा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मुतवल्ली म्हणजे मशिदीचा, तिच्या जमिनीचा कारभार बघणारे; हा मान त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा. "माझ्या वालिदच्या वक्ताला न्हाई, दादाच्या वक्ताला न्हाई. तिथं दगडावर लिवलंय."

हौदाच्या काठाला खरंच एक कोरलेला दगड होता. त्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळं पुरावा एकदम पक्का होता.

झिऱ्यावर जाऊन डबे भरणारा, जिल्ह्यामागं चालणारा आणि हौदात पाणी ओतणारा माणूस म्हणजे लाडलेसाब. गाव त्याला बांगीसाब म्हणायचं, कारण पाच वेळची बांग तोच द्यायचा. झाडलोट त्याची, चटया त्याच्या, दिवा त्याचा. बदल्यात मशिदीमागची एक खोली. त्याचं वय पन्नाशीचं असावं, पण त्याचे गुडघे त्याच्याहून थोरले होते. बांग देताना सकाळचा आवाज जरा बरा निघायचा. रात्रीच्या इशापर्यंत तो असा निघायचा की लोकांना वाटावं, हा बोलवतोय की निरोप घेतोय.

त्या वर्षी मिरग कोरडा गेला, आरदडा कोरडा गेला. जिल्ह्याच्या पाठीवर खोगिराखाली दोन जखमा झाल्या. लाडलेसाब हळद लावायचा, माशा उठवायचा, आणि मग त्याच जखमांवर गोणपाट टाकून डबे बांधायचा. बांधताना तो दुसरीकडं बघायचा. जिल्हाही दुसरीकडं बघायचा. असा दोघांचा समझोता होता. एकदा नदीच्या उतारावर जिल्ह्याचे पुढचे पाय वाकले. लाडलेसाबनं शेपटी धरून उचलला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, गाढव हलकं झालंय. फारच हलकं. आणखी थोडे दिवस असंच चाललं तर एक दिवस पाठीवर फक्त डबेच घरी येतील.

हे चाँदपाशांना सांगायचं तर खोलीची कडी आतून लावणारे हात उद्या कुणाचे असतील, याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं सांगितलं नाही. फक्त बायकोला, हुसेनबीला सांगितलं.

हुसेनबी म्हणाली, "मेरेकू बोलके क्या फायदा जी? मैं क्या मुतवल्ली हूँ?"

तिचं खरंच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही चार डबे बांधले गेले.

मग एक दिवस सरपंच धोंडप्पा मशिदीच्या पायरीवर येऊन टेकले. धोंडप्पा लिंगायत, जमीनवाले, पण त्या वर्षी जमीन असून नसल्यागतच. टोपी काढून वारा घेत म्हणाले, "पाशाभाई, आमचं सगळं करून झालं. सप्ताह झाला. पोरांनी धोंडी काढली. बेडकाचं लगीन लावलं, तर बेडूक सापडंना. शेवटी अर्धापूरहून पाव्हण्यानं केळीच्या बागेतून जोडी आणली. लगीन लागलं आन् दोन्ही नवरानवरी उन्हानं मेली. आता तुमचंच राहिलंय."

"आमचं काय?"

"तुमची पावसाची नमाज असती म्हणं. माळावर. ती करा की."

चाँदपाशांची छाती फुगली. गावात सगळ्यांचे उपाय थकल्यावर आपल्या दारी माणूस आला, हे त्यांना पावसाइतकंच गार वाटलं. त्यांनी लगेच नांदेडला माणूस धाडला, आणि बुधवारच्या एसटीनं मौलाना हबीबुल्ला उतरले. म्हातारे, दमेकरी. गाडीत तीन तास उभं राहून आलेले. चाँदपाशांनी त्यांना पाणी विचारायच्या आधी हौद दाखवला.

"माशाल्ला," मौलाना म्हणाले, आणि एका तांब्यात वुजू उरकला. तांब्यात थोडं उरलं ते परत हौदात ओतलं.

"भरपूर वापरा की हजरत, कमी न्हाई इथं."

"वाहत्या नदीवर बसलो तरी उधळायचं नसतं," मौलाना म्हणाले, आणि धाप लागल्यामुळं पुढचं बोलले नाहीत. त्यांना वाटलं हौदाला आतून झरा असेल. झरा बाहेर, मशिदीच्या भिंतीला टेकून उभा होता आणि कान हलवत होता.

दुपारच्या नमाजानंतर मौलाना बोलायला बसले. लाडलेसाब खांबाला टेकून ऐकत होता, म्हणजे अर्धा झोपला होता. पण एका वाक्याला त्याचे डोळे उघडले.

"पावसाची नमाज अशी उठून पढता येत नाही. आधी जुलूम थांबवायचा. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायचं. ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. मग आभाळाकडं हात करायचे. अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यांनो, जुलूम मी माझ्या स्वतःवर हराम करून घेतलाय, आणि तुमच्यातही हराम केलाय, तर एकमेकांवर जुलूम करू नका."

लाडलेसाबला हे जरा अवघडच वाटलं. ज्याला विचारणारं कुणी नाही, त्यानं आपणहून स्वतःला मनाई करून घेतली! चाँदपाशांना तर फक्त वक्फवाले विचारायचे, तेही कधीमधी, तरी ते स्वतःला कसलीच मनाई करत नव्हते.

मौलाना पुढं म्हणाले, "पैगंबरसाहेबांनी सांगितलं, भावाची मदत कर, जुलूम सोसणारा असो की करणारा असो. लोकांनी विचारलं, सोसणाऱ्याची मदत समजली, करणाऱ्याची कशी करायची? तर म्हणाले, त्याचा हात धर. तीच त्याची मदत."

मग जुम्म्याच्या सकाळी नमाज ठरली. अनवाणी यायचं, जुन्या कपड्यात यायचं, म्हातारी माणसं आणायची, जनावरं पण आणायची. मुक्या जनावरांनी काही गुन्हा केलेला नसतो, त्यांची दुआ लवकर पोचते.

बोलणं होतं मुसलमानांसाठी, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावानं ऐकलं. जुलूम काय एका आळीत राहत नव्हता. पावसासाठी बेडकाचं लग्न लावलेल्या गावाला माफी मागणं काही अवघड वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोरतळवाडीत माफीची सुगी आली. केरबानं शेजाऱ्याला कोंबडा नेऊन दिला, कारण मागं कधीतरी त्याचा कोंबडा चुकून आपल्या कालवणात पडला होता. शेजाऱ्यानं कोंबडा घेतला आणि इतकी वर्षं ज्याला कोंबडाचोर समजत होता त्या तिसऱ्याच माणसाची माफी मागायला गेला. पारूबाई सुनेपुढं पदर पसरून बसली. "पोरी, मी तुला लई तरास दिला." सून म्हणाली, "कवा कवा दिला ते सांगा आत्या." सांगता सांगता दोघींचं असं जुंपलं की भीमनगरातून पंचशीला सोडवायला आली. खरं तर ती स्वतःसाठी एक माफी घ्यायला आली होती, गेल्या साली टँकरवर पारूबाईनं तिची घागर मागं सारली होती त्याची. तेवढी तिनं मोजून घेतली आणि गेली.

अमृतरावांनी केरबापुढं हात जोडले. "तुझा बांध कोरलाव मी. नांगराची दोन तासं आत आलो."

"असू द्या अण्णा. मी कवाच उलटा कोरून घेतलाय. तीन तासं."

अमृतरावांनी जोडलेले हात सोडले. मग त्यांनी माफी परत घेतली.

चाँदपाशांनी मात्र सगळं एकाच वेळी उरकलं. पारावर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "भायांनो, माझ्याकडून कुणाला काई तकलीफ झाली असंल, तर माफ करा."

"कुणाला, कवा, काय, ते तरी सांगा की," धोंडप्पा म्हणाले.

"जे काई असंल ते. ठोकमदी."

ठोक माफी झाल्यावर ते लाडलेसाबकडं वळले. "बांगी, जुम्म्याला तीन गावची जमात येणार हाय. सगळ्यांना माळावरच वुजूला पाणी पायजे. माणूस म्हनला पायजे, मोरतळवाडीत दुष्काळात बी पाणी मिळतंय. पहाटंच निघ. चार डबे न्हाई पुरायचे, सहा बांध."

"साहेब, जिल्हा सहा डबे..."

"पावसासाठीच करायलाव ना आपण?"

पाऊस पडावा म्हणून नमाज, नमाजासाठी पाणी, पाण्यासाठी गाढव. या साखळीत शेवटच्या कडीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लाडलेसाब जखमांना हळद लावत बसला होता. हुसेनबी भाकरी थापताना म्हणाली, "सब गाँव एक-दुसरे कू माफी मांग रा. तुम किसकू मांगे?"

"तुझी मागू?"

"मेरी तो मांगनाच है. और इस बेजबान की?"

लाडलेसाबनं जिल्ह्याकडं पाहिलं. जिल्ह्यानं भिंतीकडं पाहिलं. शेवटी तो उठला आणि मौलाना बाजेवर खोकत पडले होते तिथं गेला. पायाशी बसून, जणू दुसऱ्या कुठल्या गावातल्या दुसऱ्याच माणसाचा विषय असावा तसं विचारलं, "हजरत, जनावरावर जुलूम झाला, तर त्याची माफी कशी मागायची?"

मौलानांनी डोळे मिटले. लाडलेसाबला वाटलं झोप लागली.

"माणसाला माफ करता येतं," मौलाना म्हणाले. "जनावराला येत नाही. म्हणून त्याच्यावरचा जुलूम माणसावरच्याहून जड. त्याची माफी मागायचा रस्ता नाही. थांबवायचा तेवढा आहे."

"आन् न्हाई थांबवता आला तर?"

मौलानांनी डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. लाडलेसाबनं बाजेची दावण तपासायला घेतली. "कोण नाही थांबवू देत?" मौलानांनी विचारलं.

"न्हाई, उगं विचारलं," म्हणून तो उठला. दारात खोलीची कडी दिसली. जुनी होती, पण आतून लागायची.

जुम्म्याला सूर्य उगवून कासराभर वर आला, आणि सगळा गाव ईदगाहच्या माळाकडं निघाला. अनवाणी चालायचं म्हणून बरेच जण चपला हातात घेऊन चालले होते. लुगड्यांची, लुंग्यांची, धोतरांची एकच रांग. धोंडप्पांनी आपली बैलजोडी धाडली होती. बैलांच्या बरगड्या लांबूनच दिसत होत्या. कुणी शेरडं आणली होती. अमृतराव आणि केरबा दोघं एकमेकांशी न बोलता शेजारी शेजारी चालले होते. मौलाना दर पन्नास पावलांवर उभे राहून श्वास गोळा करायचे, आणि तेवढ्यात लोक त्यांना ढग दाखवायचे. तो ढग नसायचा, खाणीची धूळ असायची.

जिल्हा सहा डबे घेऊन नदीकडून आला. चढ सुरू झाला तिथं, सगळ्यांच्या देखत, तो थांबला. लाडलेसाबनं "चल बाबा" म्हटलं. जिल्ह्यानं पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि शांतपणे खाली बसला. डब्यातलं थोडं पाणी उडालं. तीन गावांतून "अरे अरे" झालं. ते पाण्यासाठी होतं.

"जिल्हा बसला," कुणीतरी म्हणालं.

"बसायचाच व्हता," दुसरा म्हणाला. "कोनचा जिल्हा धावलाय आजवर?"

चाँदपाशा गर्दीतून आले. तीन गावची जमात बघत होती. त्यांच्या अंगावर त्यांच्या मानानं जुना कोट होता. त्यांनी एका गुराख्याच्या हातातली काठी घेतली.

"उठंव त्याला."

"न्हाई उठायचा साहेब."

"सरक बाजूला." काठी वर गेली.

लाडलेसाबनं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर खोली आठवली असती. गुडघे तर आठवलेच असते. पण तो पुढं सरकला आणि त्यानं चाँदपाशांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, झिऱ्यातून डबा वर ओढतात तसं.

"सोड."

"न्हाई सोडत."

"बांगी, हात सोड माझा!"

"मदत करायलाव साहेब तुमची."

चाँदपाशांना वाटलं उन्हानं याचं डोकं फिरलं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली. लाडलेसाबनं एक हात सोडून डावं मनगट पकडलं. आता दोघांचे दोन्ही हात एकमेकांत अडकले. चाँदपाशा मागं सरले, लाडलेसाब पुढं आला. चाँदपाशा वळले, लाडलेसाबही वळला. दोघं जिल्ह्याभोवती असे गोल फिरू लागले की पारूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, मुतवल्ली फुगडी खेळायलेत."

लोक हसले. पण ते हसणं फार टिकलं नाही. उपाशीपोटी कितीक हसणार?

फेऱ्या दोन झाल्या, तीन झाल्या. चाँदपाशा साठीचे, लाडलेसाबच्या गुडघ्यांचं वय तर आधीच सांगितलंय. दोघांना धाप लागली. शेवटी जिल्ह्याच्या तोंडाशी येऊन दोघं थांबले, एकमेकांच्या हातांना धरून, कारण सोडलं असतं तर दोघंही पडले असते.

"तुझी खोली जाईल," चाँदपाशा हळू म्हणाले. फक्त लाडलेसाबला ऐकू जाईल असं.

"जाऊ द्या. दमलोय मी साहेब. हा बी दमलाय."

"आन् मी?" चाँदपाशांचा आवाज आणखी खाली गेला. "मला कोण खाली बसू देतंय? बापानं मरताना हौदाचं सांगितलं. त्याला त्याच्या बापानं. माझ्या वक्ताला कोरडा पडला तर लोक म्हणतील, चाँदपाशाच्या हातून गेला. झोपंत बी मी हौद भरायलोय लाडल्या."

तीन पिढ्यांत मुतवल्लीनं बांगीला नावानं हाक मारली नव्हती. लाडलेसाबनं मनगट सोडलं नाही, पण पकड सैल केली.

"मग बसा की," तो म्हणाला. "कोण बघतंय?"

तीन गावं बघत होती. तरी चाँदपाशा बसले. आधी काठी गळाली, मग ते जिल्ह्याशेजारी धुळीत टेकले. त्यांच्या हाताला धरून लाडलेसाबही बसला, त्याला निमित्तच पाहिजे होतं.

एवढ्यात मौलाना पोचले. लांबून त्यांना दिसलं होतं की दोन माणसं हातात हात घालून गोल फिरली आणि मग शेजारी बसली. त्यांचे डोळे भरून आले. "सुभानल्ला," ते लोकांना म्हणाले, "याला म्हणतात दिलजमाई." कुणी त्यांची समजूत मोडली नाही. मग त्यांची नजर खोगिराखालच्या जखमांवर गेली, डब्यांवर गेली, आणि त्यांनी लाडलेसाबकडं पाहिलं. लाडलेसाबनं मान खाली घातली.

"हौदाला झरा नाही?"

"हा काय," लाडलेसाब म्हणाला. "बसलाय."

मौलानांनी स्वतः दोऱ्या सोडायला घेतल्या. चाँदपाशांनी एक गाठ सोडली, कारण ती त्यांच्यासमोरच होती आणि आता काही न करणं जास्त अवघड होतं. डबे जमिनीवर आले. जिल्ह्यानं मान लांब केली, पहिल्या डब्यात तोंड घातलं आणि पिऊ लागला.

चाँदपाशा दचकले. "हजरत, आता ह्या पाण्यानं वुजू चालंल?"

मौलाना दम्यातही धर्माचा मसला चुकवत नसत. "गाढवानं तोंड लावलेलं पाणी शंकेतलं. दुसरं पाणी नसेल तर त्यानं वुजूही करायचा, आणि मातीनं तयम्मुमही."

"म्हंजी माती लागणारच?"

"लागणारच."

"मग बाकीचे पाच डबे तरी..."

पण जिल्ह्याला कुठल्याच डब्यावर अन्याय करायचा नव्हता. तो उठला, दुसऱ्या डब्याकडं गेला, मग तिसऱ्या, आणि क्रमानं सहाही डब्यांत तोंड घालून आला. धोंडप्पांचे बैल कासरा ताणून बघत होते. शेरडं ओरडत होती.

मौलाना धुळीत उकिडवे बसले. "ऐका," ते म्हणाले. "पाणी कोसभर लांब असलं तरी माती पुरते. आणि तहानलेलं जनावर समोर असताना पाणी त्याचं असतं. सोडा ती बैलं."

बैल सोडले. शेरडं सोडली. सहा डबे बघता बघता सुकले, आणि बैलांनी नंतर पत्रा चाटला. मग मौलानांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, झटकले, तोंडावरून फिरवले, पुन्हा टेकून कोपरापर्यंत फिरवले. त्यांच्यामागं तीन गावची जमात खाली बसली. मातीचा एवढा मोठा धुरळा उठला की लांब थांबलेल्या बायांना वाटलं वावटळ आली. चाँदपाशा सगळ्यात शेवटी वाकले. तोंडावर धुळीचे पट्टे घेऊन ते उठले तेव्हा त्यांचं वय त्यांच्या चेहऱ्यावर नीट दिसू लागलं होतं. नमाज झाली. मौलानांनी अंगावरची चादर उलटी केली, हात उलटे करून आभाळाकडं धरले. धोंडप्पा, पंचशीला, अमृतराव, सगळे मागं उभे होते. काहींनी हात जोडले, काहींनी नुसतेच बाजूला सोडले.

पाऊस आला नाही.

संध्याकाळी लोक घरी गेले. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं. मौलाना दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं नांदेडला गेले, त्याही गाडीत जागा नव्हती. चाँदपाशांनी खोलीबद्दल काही काढलं नाही. लाडलेसाबनंही काढलं नाही. त्यानं इतकंच केलं की खोगीर खुंटीला टांगलं आणि रोज सकाळी जिल्ह्याला सोडून दिलं. सवयीनं जिल्हा एकटाच दोन कोस जायचा, नांदेडात पाणी प्यायचा आणि ओल्या तोंडानं लातुरात परत यायचा.

हौद उतरू लागला. लोक मशिदीत येण्याआधी बाहेरच्या ढेकळावर तळवे टेकायला शिकले. चाँदपाशा काठावर बसून पाणी खाली जाताना बघायचे. आधी शेवाळ उघडं पडलं, मग गाळ, मग गाळाला भेगा. ज्या दिवशी तळ दिसला त्या दिवशी लाडलेसाब दुपारची बांग देऊन आला, तर चाँदपाशा पायऱ्या उतरून हौदात उभे होते.

"लाडल्या. हिकडं ये."

लाडलेसाब काठावरून वाकला. तळाच्या एका कोपऱ्यात, गाळ तडकून सुटला होता तिथं, तीन दगड मांडलेले होते. आतून काळे. कितीही पाण्यात राहिले तरी गेला नव्हता असा काळेपणा.

"हे काय हाय?" चाँदपाशांनी विचारलं.

लाडलेसाबनं डोळे बारीक केले. "चूल."

"हौदात?"

"भाकरी भाजली असंल कुणीतरी. वारं लागत न्हाई तळाला."

"पाण्यात कशी भाजंल?"

उत्तर चाँदपाशांना नकोच होतं. त्यांनी वाकून एका दगडावरचा काळेपणा बोटानं घासून पाहिला. कोण जाणे कुठल्या दुष्काळात, कुणाच्या आज्याच्या वेळी, हौद ठणठणीत कोरडा पडला होता, आणि त्यात कुणी उतरून पीठ मळलं होतं, भाकरी टाकली होती, खाऊन गेलं होतं. दगड उचलायची तसदीही घेतली नव्हती.

"म्हंजी मी हे कुणासाठी..." चाँदपाशा म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडून खाली बसले. चुलीपुढं, जेवायला बसतात तसे. वरून लाडलेसाबला फक्त टोपी दिसत होती. टोपी हलत होती. हसतायत की काय करतायत ते कळायला मार्ग नव्हता, आणि उतरून बघायला गुडघे तयार नव्हते.

बाहेर जिल्हा परत आल्याचं सांगत ओरडला.

चाँदपाशा उठले. वरच्या दोन पायऱ्या सुकल्या शेवाळाच्या भुग्यानं निसरड्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"हात दे."

लाडलेसाबनं दिला.

"वर आल्यावर सोड बरं का," चाँदपाशा म्हणाले.